पिवळ्या दिव्याची फुटकी काच

१. तुकडा बसतो

ग्यानोबाला कुणी उडवलं ते कुणी बघितलं नव्हतं. बुधवारी दिवेलागणीला म्हातारा सायकल हातात धरून शेतातून घरी निघाला होता, आणि शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या वळणावर कुठल्यातरी गाडीनं त्याला ठोकरलं. गाडी थांबली नाही. अर्ध्या तासानं दुसऱ्या कुणाला तो दिसला तेव्हा जीव होता, दवाखान्याच्या दारात गेला. सायकलीशेजारच्या मातीत पिवळ्या काचेचा तळहाताएवढा तुकडा पडला होता. पिकअपवाले पुढच्या लोखंडी गार्डाला हौसेनं पिवळे दिवे बसवून घेतात, त्यातला.

शनिवारी गाडीही सापडली. पांढरी पिकअप, पुढं गार्ड, गार्डाला दोन पिवळे दिवे, त्यातला डावा फुटका. मालक शिरूरचाच अश्वजित, वय सव्वीस. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं ही गाडी नांदेडला नेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात उभी केली होती. ठाण्यातल्या साहेबांनी तुकडा दिव्याला लावून बघितला, तो चपखल बसला. आणखी काय पाहिजे, असं साहेब म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी विमा कंपनीनं आपलं माणूस पाठवलं. महामाया सोनकांबळे, राहणार लातूर, वय सत्तावन्न. गेली तीस वर्षं ही बाई चेपलेल्या गाड्या बघत हिंडत होती. एसटीतून उतरली तेव्हाच तिचे गुडघे कुरकुरत होते. तिला खरं म्हणजे घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालून बसायचं होतं. पण कंपनीला लेखी पाहिजे होतं, की म्हाताऱ्याला मारलं ते याच गाडीनं की नाही.

ठाण्याच्या मागच्या अंगणात लिंबाखाली पिकअप उभी होती. महामाया आधी लांबूनच एक चक्कर मारायची. कंपनीतून निघताना सगळ्या पिकअप सारख्याच असतात, मालक कोण आहे ते नंतर लावलेल्या सामानावरून कळतं, असं तिचं म्हणणं. कुणी गाडी घेतल्या घेतल्या संगीताचे भोंगे आणि झालरी लावतो, तो गाडी मिरवायला घेतो. या पोरानं ओझ्यासाठी मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले होते, टायर चांगल्यातले टाकले होते, मागं येताना वाजणारा हॉर्न लावला होता आणि नवा ताडपत्रीचा सांगाडा. सीटला साधं रेक्झिन. आत काचेवर पंचशील ध्वजाचं छोटं स्टिकर. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याची निवड होती ही, वायफळ काहीच नाही. गार्ड तेवढं या सगळ्यात शोभत नव्हतं.

ती गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकली. फुटका दिवा बघितला. गार्डाच्या खालच्या नळीला मधोमध एक काळी बारीक तार पिळून बांधलेली होती, तिला काही अडकवलेलं नव्हतं. तारेखाली रुपयाएवढ्या जागेतला रंग खाल्ला जाऊन गंज धरला होता. बाकी सगळ्या गार्डाचा रंग ठणठणीत. मग तिनं बॅटरीचा उजेड पाडून आत चेसीपाशी बघितलं. तिथं गार्डाचे चार नट होते, आणि प्रत्येक नटावर रंगाची एकेक बारीक रेघ. चारही रेघा गडद लाल, मरून. पण रेघेचा जो अर्धा भाग चेसीच्या लोखंडावर होता, तो चारही ठिकाणी गुलाबी होता.

"काय सापडलं का, मॅडम?" मागून साहेबांनी विचारलं.

"बघावं लागेल," ती म्हणाली आणि दाराला धरून उठली.

"सोमवारी कागद पाठवून राहिलो मी. पोराची एसटीत ड्रायव्हर म्हणून निवड झालीय. पडताळणीला आमच्याकडूनच जाणार नाव. माणूस मारलेला ड्रायव्हर सरकार घेईल का?"

साहेब जरा थांबले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही सोनकांबळे ना? मग जपून लिहा. लोक म्हणतील, आपल्यातला म्हणून वाचवला."

महामायानं मान हलवली. हे तिला सांगायला साहेब लागत नव्हते, लोक काय म्हणतील ते ती नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकली होती.

२. नागुबाईचा चहा

अश्वजितचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं. त्याच्या आईनं, नागुबाईनं, "जयभीम बाई, बसा" म्हणून खुर्ची पुसून दिली आणि काही न विचारता चहा टाकला. अश्वजित समोर उकिडवा बसला. आठ दिवसांत पोरगा निम्मा झाला होता.

"मंडपाचं सामान वाहतो मी. खुर्च्या, भांडी, गाद्या. गुरुवारी नांदेडला गाडी दिली ती सांगाड्यासाठी, ताई. वायदा आधीचाच होता. दिली तेव्हा दोन्ही दिवे साबूत होते. शनिवारी आणायला गेलो तर पोलीस आधीच उभे."

"गार्ड कधी लावलंस? तुझ्या गाडीवर ते विचित्र दिसतंय."

तो ओशाळला. "संक्रांतीला. मला नको होतं. पण रोही, नीलगायी म्हणा, लई झालेत रानात, आडवे येतात. दोस्त म्हणले, गार्ड लाव. त्यावर बंदी हाय ते ठाऊक व्हतं."

"पूजा-बिजा केली होती, लावल्यावर?"

उत्तर नागुबाईनं दिलं. "गाडी घेतली तवा बी नारळ फोडला न्हाई आम्ही. वंदना घेतली, पेढे वाटले. माझ्या सासऱ्यानं छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तवापासून ह्या उंबऱ्यात असलं काय न्हाई."

महामायाच्या घरीही हेच होतं, त्यामुळे तिनं फक्त चहा फुंकून प्यायला. "बुधवारी संध्याकाळी गाडी कुठं होती?"

"त्याच रस्त्यावर," अश्वजित म्हणाला. "नळेगावच्या बाजूनं आलो मी. पण म्हातारा मला दिसलाच न्हाई."

"किती वाजता आलास?"

"सात."

"न्हाई," नागुबाई म्हणाली. तिनं चहाचं पातेलं खाली ठेवलं, पोराकडे बघितलं नाही. "सातला ह्यो हितं जेवत व्हता, बाई. गाडी घरी नव्हती."

पोरानं तोंड दोन्ही हातांत झाकलं.

"गाडी मी चालवत नव्हतो, ताई," तो शेवटी म्हणाला. "आदर्शकडं होती."

३. आदर्श

आदर्श त्याचा चुलतभाऊ. महामाया त्याच्या घरी गेली तेव्हा तो मागच्या दारानं सटकायच्या बेतात होता, पण तिला बघून तिथंच बसला.

"मी सांगणारच व्हतो," तो म्हणाला. सगळे असंच म्हणतात.

त्याचं सांगणं असं, की बुधवारी चार वाजता तो खुर्च्या पोचवायला गाडी घेऊन गेला. परत येताना अर्धा तास वाट वाकडी केली, कारण धम्मप्रिया नावाची मुलगी कॉलेजातून त्या फाट्यावर उतरते आणि तिच्या घरच्यांना हे ठाऊक नाही. पावणेआठला तो त्याच वळणावरून गेला. म्हातारा तोवर दवाखान्यात गेलेला असावा, कारण रस्त्यावर चारपाच माणसं उभी होती.

"आणि तू थांबला नाहीस."

"कशाला थांबू? कुठं गेला व्हतास म्हणून विचारलं असतं तर तिचं नाव निघालं असतं. अशूनं मला एकदाच विचारलं, तू केलंस का म्हणून. मी न्हाई म्हणलो. पण त्याला पटलं न्हाई, ताई. पटलं न्हाई तरी त्यो माझ्यासाठी खोटं बोलून राहिला."

"दिवे?"

"दोन्ही लावले व्हते मी. वळणावर उजेड पडला ना त्या माणसांवर. दोन्ही चालू व्हते."

आता हे सांगणारा आदर्श, आणि आदर्शला खोटं बोलायला पुरेपूर कारण. कागदावर हे लिहिलं तर अश्वजितच्या जागी आदर्श जाईल, एवढाच फरक. महामायाला फार थकल्यासारखं झालं. तुकडा बसतो, गाडी त्या रस्त्यावर होती, मालक खोटं बोलला. सगळं जुळत होतं. जुळत नव्हत्या त्या चार नटांवरच्या रेघा, आणि कशालाच न लागणारी ती तार.

४. शुक्रवारची दुपार

नांदेडला ती शुक्रवारी पोचली तेव्हा सव्वा वाजला होता आणि अकरमचं दुकान बंद होतं. शटरवर कुलूप. दारापुढच्या मोकळ्या जागेत दोन पिकअप आणि एक टेम्पो आपापल्या दुरुस्तीची वाट बघत उभे होते, राखायला कुणी नाही.

शेजारच्या रसवंतीवाल्यानं स्टूल दिलं. "जुमा हाय आज. साडेबाराला बंद करतात, नमाज, मग घरी जेवण, तीनला उघडतात. सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक हाय."

मग बसली ती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. एवढ्यात एक माणूस आला, उभ्या टेम्पोखाली पाना घेऊन आडवा झाला, दहा मिनिटं खुडबुड केली आणि निघून गेला.

"कोण हो तो?" तिनं विचारलं.

"कुणास ठाऊक," रसवंतीवाला म्हणाला. "गॅरेजच्या दारात गाडीखाली माणूस झोपला तर कोण इचारतंय."

महामायानं रसाचा ग्लास खाली ठेवला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला गुडघ्यांची आठवण राहिली नाही.

तीनला अकरम आला. चाळिशीचा, कपड्यांना अत्तर आणि ग्रीस दोन्हींचा वास. कंपनीचं नाव ऐकताच त्यानं हात वर केले. "म्याडम, मी गार्ड विकतच नाही. बंदी आहे."

"तुझ्या माळ्यावर सहा दिसतायत मला."

"ती जुनी पडलीत."

"अकरमभाई, मी आरटीओची नाही. मला दंड करायचा नाही. एका पोराची नोकरी सोमवारी जाणार आहे, आणि ती तुझ्या नटांवर अडकली आहे. नटांवर रेघ कोण ओढतं?"

अकरम आत जाऊन नेलपॉलिशची शिशी घेऊन आला. गुलाबी. "मीच ओढतो. माझी पोरगी मनतशा, तिची शिशी उचलून आणतो. नट कसला की अर्धी नटावर, अर्धी चेसीवर, अशी एक रेघ. पुढं कुणी नट ढिला केला तर रेघ तुटते. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतंय तुमचं काम कच्चं, तर मी दाखवतो, बाबा, उघडलं तू, माझं काम पक्कं."

"गुलाबी कधीपासून?"

"दिवाळीपासून. त्याच्या आधी मरून होती. ती संपली."

"अश्वजितचं गार्ड संक्रांतीला लावलंस. म्हणजे गुलाबी."

"हाव."

"आता ठाण्यात जी गाडी उभी आहे, तिच्या चेसीवर गुलाबी अर्धी रेघ आहे. नटावरची अर्धी मरून आहे. चारही नटांवर."

अकरम माळ्याकडं बघत राहिला. हिशोब त्याला तिनं सांगण्याआधीच कळला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला. "याचा अर्थ गार्ड दुसऱ्याचं आहे. दिवाळीआधी मी लावलेलं. कुणीतरी बोल्टांसकट बदललं. फुटका दिवा मी पोलीस आले तेव्हाच बघितला, वाटलं, गाडी तशीच आली असेल."

"इथंच, तुझ्या दारात. मागच्या शुक्रवारी, तू नमाजला गेलास तेव्हा. ज्याचा दिवा फुटला तो आधी काचच शोधणार. आता मला सांग, त्या दिवशी सकाळी पिवळी काच मागायला कोण आलं होतं?"

"म्याडम, गिऱ्हाइकाचं नाव पोलिसात गेलं तर उद्या माझ्या दुकानात कोण येणार?"

"कसम घालू का?"

"नका घालू," तो म्हणाला. थोडा वेळ त्यानं शिशीचं झाकण उघडलं, लावलं. "बाराला आला होता. गाडी लांब, कोपऱ्यावर उभी केली होती. मला वाटलं, जागा नाही म्हणून. काच नव्हती माझ्याकडं. म्हणलं, तीननंतर या, मागवून देतो. तीनला आलो तर तो नव्हता. फोन केला तर म्हणला, राहू द्या, काम झालं."

"नाव?"

"शंकरप्पा. किल्लारीचा. दुधाची गाडी आहे त्याची."

५. शनिवार

अकरमनं आणखी चार नावं दिली होती. मरून शिशीच्या काळात त्यानं पाच गार्डं लावली होती, सगळी एकाच साच्यातली, सगळ्यांना पिवळे दिवे. पाचांपैकी एकजण काच मागायला आला, एवढं साहेबांना पुरणार नाही हे महामायाला कळत होतं. वकील म्हणेल, काच कुणाचीही फुटते. ती तार कुणाची, ते तिला डोळ्यांनी बघायला पाहिजे होतं. म्हणून ती शनिवारी सकाळीच किल्लारीला गेली.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ ओळीत घरं. शंकरप्पाच्या घरापुढं पांढरी पिकअप उभी होती, मागं दुधाचे कॅन. पुढं गार्ड, दोन्ही पिवळे दिवे साबूत. आणि गाडीसमोर जमिनीवर बसून एक पंचावन्नच्या आसपासची बाई लिंबात तार ओवत होती. बाजूला सात मिरच्या.

"या अक्का, बसा," ती म्हणाली. कोण, कुठली, काही न विचारता. "दूध पाहिजे काय?"

"नाही. गाडी बघायला आले. छान ठेवलीय."

"माझा दीर चालवतो. मी कमलम्मा, त्याची वैनी. वैनी कसली, आईच म्हणा. भूकंपात सगळं घर बसलं. मालक गेले, सासू गेली. ह्यो तीन वर्षांचा, दगडाखाली रडत व्हता, मी हातानं उकरून काढला. लगीन बी मीच लावलं. तवापास्नं लई भ्या वाटतंय बघा. गाडी घेतली त्या दिवसापास्नं एक शनिवार चुकला न्हाई माझा."

ती गार्डाखाली वाकली. खालच्या नळीला नवीकोरी चकचकीत तार पिळलेली होती. तिनं मागच्या आठवड्याचं वाळकं लिंबू सोडवलं आणि ताजं अडकवलं.

महामायाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेना. तीस वर्षांत तिनं शेकडो लोकांना प्रश्न विचारले होते, त्यातले बहुतेक खोटं बोलणारे होते, त्यांचं काही वाटत नसे. ही बाई खरं बोलणार होती.

"तार नवी दिसते," ती म्हणाली.

"हाव ना. जुनी काळी तार व्हती, लई मजबूत. दर शनिवारी त्येलाच अडकवायची. मागल्या शनिवारी बघते तर इल्ला. तारच न्हाई. खाली गंज धरला व्हता लिंबाच्या पाण्यानं, त्यो बी न्हाई. शंकरूला म्हणलं, तर म्हणला, धुवायला दिली व्हती, घासून चकाचक केली त्येनी." ती कौतुकानं गार्डावरून हात फिरवत होती. "दुकानदार लई चांगला."

घरातून पस्तिशीचा एक दणकट माणूस बाहेर आला. हातात गाडीची किल्ली. महामायाला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"कोण पाहिजे?"

"विमा कंपनी," महामाया म्हणाली. "बसा, शंकरप्पा. तुमची तार शिरूरच्या ठाण्यात आहे."

६. नाव

तो बसला नाही. "कसली तार?"

ती दुधाच्या रिकाम्या कॅनवर टेकली, कारण उभं राहवत नव्हतं, आणि तिनं सावकाश सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. समोर कमलम्मा होती म्हणून तर मुळीच नाही.

"बुधवारी संध्याकाळी दूध घालून येताना शिरूरच्या अलीकडं तुमच्या गार्डानं एक म्हातारा उडवला. डावा दिवा फुटला, तुकडा तिथंच पडला. शुक्रवारी तुम्ही नांदेडला काच घ्यायला गेलात. काच नव्हती. पण दारात अगदी तुमच्यासारखी गाडी उभी होती, तसलंच गार्ड, साबूत दिवे. दुकान तीनपर्यंत बंद. नुसती काच उपसली तर फुटते, पण गार्ड म्हणजे चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. धरू लागायला कुणीतरी सोबत होतं, ते तुम्हीच साहेबांना सांगा. तुमचं गार्ड त्या पोराच्या गाडीला गेलं आणि त्याचं तुम्हाला."

"गार्डं सारखीच असतात सगळी."

"असतात. पण अकरम नटावर रेघ ओढतो. त्या पोराच्या गाडीवर नट मरून आहेत, चेसी गुलाबी. आता तुमच्या गाडीखाली बघू. माझा अंदाज, नट गुलाबी असतील आणि चेसी मरून. तुम्ही लिंबू-मिरची आठवणीनं काढून घेतलीत. तार काढायची राहिली. तार कुणाच्या डोळ्यात येते म्हणा. पण ज्याच्या गाडीला ती लागली, त्याच्या घरात दोन पिढ्या कुणी लिंबू बांधलेलं नाही. आणि त्याचं गार्ड चार महिन्यांचं, एवढ्यात त्याला एकाच जागी असा गंज धरत नाही."

शंकरप्पाच्या कपाळावर घाम आला होता. "मला डुक्कर वाटलं," तो म्हणाला. "अंधारून आलं व्हतं. रानडुक्कर आडवं आलं असं वाटलं, खरंच सांगतो."

"डुक्कर वाटलं तर गार्ड बदललंत कशाला?"

त्यानं हातातली किल्ली खिशात घातली.

कमलम्मा कधी उठली ते दोघांनाही कळलं नाही. ती गाडीपुढं आडवी झाली होती, पदर मातीत, मान गार्डाखाली घालून. मग बाहेर आली. "गुलाबी हाय," ती म्हणाली.

"वैनी, ऐक माझं..."

"म्हातारा जागीच गेला काय?" तिनं महामायाला विचारलं.

महामायाला खोटं बोलता आलं असतं. "अर्धा तास होता जिवंत," ती म्हणाली. "लगेच नेला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले."

"नाव काय त्याचं?"

"ग्यानोबा."

कमलम्मा दिराकडं वळली. तिचा आवाज एरवी पोराला जेवायला बोलवावं तेवढाच होता. "शंकरू, नाव घे त्याचं."

तो उंबऱ्याकडं वळला.

"मी तुला दगडाखालून काढला तवा तू अर्धा दिवस रडत व्हतास. तुझ्या रडण्यावरून तर सापडलास मला. मी रस्त्यानं तशीच निघून गेले असते तर? नाव घे."

"ग्यानोबा," शंकरप्पा म्हणाला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

कमलम्मानं त्याला जवळ घेतलं नाही. गार्डाला नुकतंच बांधलेलं लिंबू तिनं तारेसकट पिळून काढलं आणि ओट्यावर ठेवलं. मग घरात जाऊन पायात चपला घालून, हातात पिशवी घेऊन आली. "चल, मी येते तुझ्यासंगं," ती म्हणाली. "अक्का, शिरूरची गाडी किती वाजता हाय?"

"साडेअकराला," महामाया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला स्वतःचाच राग येत होता, कारण एवढ्या वर्षांनंतर हे व्हायला नको होतं.

तिघंही त्याच एसटीनं गेली. शंकरप्पा खिडकीशी, मध्ये कमलम्मा, अलीकडं महामाया. तिकीट कमलम्मानंच तिघांचं काढलं आणि महामायानं पैसे दिले तर घेतले नाहीत.

साहेबांनी माणूस पाठवून शंकरप्पाची गाडी किल्लारीहून आणवली आणि संध्याकाळी दोन्ही गाड्या शेजारी लावून स्वतः वाकून नट बघितले. मग घाम पुसत महामायाला म्हणाले, "सोमवारचा कागद मी आजच फाडतो. पोराचं नाव साफ जाईल." सोनकांबळे आडनावाबद्दल ते काही बोलले नाहीत.

अश्वजित आणि आदर्श ठाण्याच्या फाटकाशी उभे होते, एकमेकांपासून जरा लांब. बातमी कळली तेव्हा अश्वजितनं आधी आदर्शकडंच बघितलं आणि काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात टाकला. आदर्शनं तो तसाच राहू दिला.

"ताई," अश्वजित म्हणाला, "माझं गार्ड परत मिळंल का?"

"पुरावा आहे तो, वर्षं जातील. आणि मिळालं तरी लावू नकोस."

"रोही आडवा आला तर?"

"हळू चालव. उद्या एसटीत चाळीस माणसं बसतील तुझ्यामागं." तिनं बाकावर टेकून गुडघे चोळले. आत खोलीत कमलम्मा दिराशेजारी बसली होती आणि साहेब जबाब लिहून घेत होते. "आणि ग्यानोबाच्या घरी एकदा जाऊन ये. त्यांना आठ दिवस तुझंच तोंड दिसत असेल."

अश्वजित लगेच निघाला. फाटकापर्यंत गेल्यावर तो आदर्शसाठी थांबला, आणि दोघं मिळून गेले.